तिसरी पायरी: मनधरणी

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०

आजपासून रोज लिहायचं. लॅपटॉपवर लिहिलं तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना दिसतं, म्हणून वही आणली.

वार्षिक मूल्यमापन आलं. पाचपैकी तीन. खाली एकच ओळ, 'कामगिरी अपेक्षेनुसार.' अठरा वर्षं घासल्यावर अपेक्षेनुसार. आणि हे लिहिलंय कोणी, तर धाकट्याने.

धाकटा म्हणजे आमचा विभागप्रमुख. नोकरीला लागला तेव्हा माझ्या हाताखाली तो सगळ्यांत लहान होता, तेव्हापासून तो माझ्यासाठी धाकटाच. त्याला मेल कशी लिहायची ते मी शिकवलं. पहिल्याच वर्षी त्याने एका क्लायंटचे दर दुसऱ्याच क्लायंटला पाठवले. चूक माझी, असं सांगून वरच्या मजल्यावर मी जाऊन उभा राहिलो आणि माझी बढती दोन वर्षं मागे पडली. आज त्याने मला तीन दिले. गरज सरो, वैद्य मरो.

वरिष्ठ व्यवस्थापकाची जागा जानेवारीपासून रिकामी आहे. ती कोणाला मिळायला हवी हे अख्ख्या मजल्याला माहीत आहे. कोणी बोलत नाही एवढंच.

निर्णय: राजीनामा द्यायचा. जाण्यासाठी नव्हे, थांबवून घेण्यासाठी. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

योजना अशी. मंगळवारी राजीनामा. बुधवारी धाकटा धावत येईल. गुरुवारी वरून बोलावणं. शुक्रवारी मी विचाराला वेळ मागेन. सोमवारी राजीनामा मागे, वरिष्ठ होऊन. हा नुसता अंदाज नाही. कंपनीची निर्गमन प्रक्रिया सात वर्षांपूर्वी मीच लिहिली आहे. तेवीस पायऱ्या. तिसरी पायरी: राजीनामा आल्यापासून कामाच्या दोन दिवसांत साहेबाने कर्मचाऱ्याला समोर बसवून मनधरणीची बैठक घेणे बंधनकारक. 'बंधनकारक' हा शब्द माझा. त्याबद्दल मिळालेलं काचेचं सन्मानचिन्ह टीव्हीशेजारी आहे.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, दुसरीकडे काही बघितलंय का. म्हटलं, तीन ठिकाणांहून मागणी आहे. (या महिन्यात माझं प्रोफाइल तीन कंपन्यांनी पाहिलंय.) तिने गॅस बंद केला, समोर बसली आणि म्हणाली, बरं झालं, चार वर्षं तुम्ही घरी येऊन नुसते ऑफिसच्या नावाने दात-ओठ खाता. तिला डाव समजला नाही. समजावत बसलो नाही.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ४.१०

दिला. पोर्टलवर राजीनाम्याचं कारण निवडायचं असतं. अकरा कारणं आहेत, यादी माझीच. 'अपमान' त्यात नाही. तेव्हा सुचलं नसावं. 'इतर' निवडलं. खाली लिहायला शंभर अक्षरांची जागा. ती मर्यादाही मीच घातली होती, कारण लोक फार पाल्हाळ लावतात. 'अठरा वर्षांच्या निष्ठेची जी किंमत या संस्थेने' इथपर्यंत मजकूर छान जमत होता. शेवटी 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं.

४.२५. धाकट्याचा फोन. उचलला नाही. तळमळू दे.

४.३१. पुन्हा.

४.५०. पुन्हा. मग मेसेज आला: सर, प्लीज बोलूया ना, दहा मिनिटं. मी उत्तर पाठवलं की जे काही असेल ते प्रक्रियेनुसार व्हावं, रीतसर इन्व्हाइट यावं.

आजपासून त्याला अहो-जाहो करायचं. 'तुम्ही' म्हटलं की माणसाला आपली जागा कळते.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ५.४५

इन्व्हाइट नाही.

दिवसभरात कॅलेंडर चाळीस वेळा उघडलं असेल. चारच्या सुमाराला शंका आली म्हणून निर्गमन प्रक्रिया उघडून बघितली. सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. पायऱ्या नऊ. तिसरी पायरी: पार्किंगचा पास परत करणे.

मनधरणी काढून टाकलेली आहे. कोणी काढली म्हणून बदलांची नोंद पाहिली. दोन वर्षांपूर्वी, 'सुलभीकरण सप्ताहात'. बदल सुचवणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक माझा.

आठवलं. तेवीसच्या नऊ केल्या होत्या. टाळ्या पडल्या, कॉफीचा एक मग मिळाला. जाणाऱ्याच्या विनवण्या करण्यात साहेब लोकांचे तास फुकट जातात, असं मी स्लाइडवर लिहिलं होतं. तेव्हा वाटायचं, जाणारे लोक कोणीतरी वेगळे असतात.

काही हरकत नाही. प्रक्रियेत नसलं म्हणून काय झालं, माणुसकी म्हणून काही असतंच की.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १.१५

अकराला धाकटा स्वतः माझ्या टेबलापाशी आला. हातात कॉफीचे दोन कप. मी लगेच मोबाइल कानाला लावला आणि हो, नाही, अर्थात, असं बारा मिनिटं बोललो. पलीकडे कोणी नव्हतं. तो उभाच. मग एक कप माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून गेला.

कॉफी मशीनमधली होती. अठरा वर्षांचा माणूस थांबवायचा तर मशीनची कॉफी? प्यायलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शेजारच्या टेबलवरची बाई (माझ्याइतकीच जुनी, नाव घ्यावंसं वाटत नाही) म्हणाली की निवत चाललीय, मी घेऊ का. घेतली तिने.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७

साडूंचा फोन आला होता. यांना गेल्या वर्षी बढती मिळाली तेव्हापासून बोलताना घसा खाकरतात. फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला, हिलाही ऐकू जावं म्हणून. सांगितलं, ऑफिसात नुसता हलकल्लोळ माजलाय, प्रमुख दिवसातून पाच-पाच वेळा माझ्या टेबलाशी घुटमळतो, पण आपला निर्णय झाला. आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी मी त्या दारात राहणार नाही. साडूंनी या वेळी घसा खाकरला नाही. फार बरं वाटलं.

ही म्हणाली, इतकं ठाम बोलताना तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. तिचा चेहराच खुलला होता. एवढी खूश होण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

८ मार्च, शनिवार. सकाळी १०

सोमवारी धाकटा शेवटचा प्रयत्न करणार, हे नक्की. आत्ता केस कापायला जातो. थांबायला तयार होतानाही माणसाने नीटनेटकं असावं.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

काहीतरी बिनसलंय.

धाकटा सकाळी लॉबीत भेटला. मी आपला चेहरा कठोर करून उभा. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, सर, मनापासून अभिनंदन. एवढंच बोलून गेला. दिवसभरात फोन नाही, मेसेज नाही. मीच दोनदा त्याच्या केबिनवरून पाण्याची बाटली भरायला गेलो, भरलेली असताना. त्याने काचेतून हसून हात हलवला.

तीन दिवसांत दमला. मी त्याच्यासाठी दोन वर्षं दिली होती.

११ मार्च, मंगळवार. दुपारी १२.२०

राजीनामा मंजूर. ज्या पत्त्यावरून मेल आली त्या पत्त्याला उत्तर देता येत नाही. सोबत पत्र. 'आपण केवळ सहकारी नव्हता, तर या कुटुंबाचा आधार होतात. आपली उणीव पदोपदी भासेल.' म्हटलं, चला, निदान कोणीतरी जाणलं. मग 'पदोपदी' पाशी अडखळलो. हा शब्द माझा. हे पत्र सात वर्षांपूर्वी एका दुपारी जेवायला जायच्या आधी घाईघाईत मीच लिहिलं होतं, सगळ्यांसाठी एकच.

शेवटचा दिवस ३ एप्रिल.

तरीही पुन्हा पूर्ण वाचलं. चांगलंच लिहिलंय.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.३०

हँडओव्हर. कामाच्या खऱ्या खाचाखोचा शेवटपर्यंत मुठीत ठेवायच्या, असं मागच्या आठवड्यातच ठरवलं होतं. मूठ उघडायला लावायला तरी कोणी येईल. कोणी आलं नाही. पोर्टलने सांगितलं की हस्तांतर एका सामाईक फोल्डरला करायचं आहे. माणसाला नाही, फोल्डरला.

तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मीच शेजारच्या टेबलवरच्या बाईंना म्हटलं, बसा, तिमाही अहवालातली एक गोष्ट सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावाने रडाल. बाईंनी अकरा मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तो अहवाल गेल्या दिवाळीत जुन्या सॉफ्टवेअरसोबतच बंद झाला, तुम्ही दर तिमाहीला पाठवता तो कोणाला पाठवता? मी यादी दाखवली. यादीतल्या नऊपैकी सात जण कंपनी सोडून गेलेत. आठवा मी.

नववा धाकटा. तो उघडतो का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ३

एचआरमध्ये माणूस शोधायला चौथ्या मजल्यावर गेलो. तिथे कुंड्या आहेत आणि भिंतीवर क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की फोनवर 'मदतनीस' येतो. तो यंत्र आहे. पहिलं वाक्य: आज कसं वाटतंय?

एका मित्रासाठी विचारतोय असं सांगून विचारलं की दिलेला राजीनामा मागे घेता येतो का. मदतनीस म्हणाला, येतो. कर्मचाऱ्याने आपल्या साहेबाला तोंडी सांगायचं, साहेबाने एक बटण दाबायचं. अखेरच्या दिवशी सहा वाजेपर्यंत चालतं. आणखी काही मदत?

म्हणजे मी जाऊन सांगायचं. धाकट्याला. मी.

अशक्य. नाक मी दाबलंय, तोंडही मीच उघडायचं, हा कुठला न्याय?

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.१५

मधला मार्ग काढला. मी बोलणार नाही, पण त्याला बोलायची संधी देणार. सकाळी लिफ्टपाशी थांबून तीन लिफ्ट सोडल्या, चौथीत तो आला. आत आम्ही दोघंच. सात मजले. सहाव्याला तो म्हणाला, सर, खरं सांगू, तुमचा हेवा वाटतो. मनासारखं करायला धाडस लागतं.

सातवा आला.

हेवा वाटतो म्हणे. ज्याच्या चुकीचं खापर मी माझ्या डोक्यावर फोडून घेतलं, त्याला माझ्या जाण्याचा हेवा वाटतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. जेवण गेलं नाही. हिने विचारलं तर म्हटलं, ऑफिसात लोकांनी आग्रहाने खायला घातलं.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.२०

देव आहे.

नऊ पायऱ्यांतली आठवी: प्रक्रिया-मालकाची अंतिम मंजुरी. ती मिळाल्याशिवाय कोणाचंही निर्गमन पूर्ण होत नाही. आणि प्रक्रिया-मालक कोण, तर मी. हे बदलायचं कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. दहा वाजता माझ्या इनबॉक्सात विनंती येऊन पडली: खालील कर्मचाऱ्याच्या निर्गमनास मंजुरी द्यावी. खालील कर्मचारीही मीच.

मी मंजूर करणार नाही. नामंजूरही नाही, उगाच डोळ्यांवर येईल. नुसतं ठेवून द्यायचं. माझ्या बोटाशिवाय ही एवढी मोठी कंपनी मला बाहेर काढू शकत नाही. आता येतील सगळे, बटण दाबा म्हणून. तेव्हा बघू.

जेवताना दोनदा गाणं गुणगुणलो. ही म्हणाली, शोभतं तुम्हाला असं मोकळं राहणं.

२४ मार्च, सोमवार. सकाळी १०.०५

मंजूर झालं. आपोआप.

मेल अशी: '७२ तासांत प्रतिसाद न आल्याने आपली संमती गृहीत धरण्यात आली आहे. तत्पर सहकार्याबद्दल आभार.'

शनिवार-रविवारसुद्धा मोजले. हा कुठला नियम म्हणून तावातावाने शोधला. प्रक्रिया लिहिली त्याच वर्षीचा. कागद अडवून ठेवणाऱ्यांना धडा शिकवायचा म्हणून त्या बैठकीत दीड तास भांडून मी मंजूर करून घेतलेला. शनिवार-रविवार का धरायचे, असं एकाने विचारलं होतं. दिरंगाईला सुट्टी नसते, असं मी म्हणालो होतो आणि खोली हसली होती.

डोकं दुखतंय. अर्धा दिवस रजा टाकायला गेलो तर पोर्टल म्हणालं, नोटीस पिरियडमध्ये रजा नाही.

३१ मार्च, सोमवार. दुपारी ४.४०

एक्झिट इंटरव्ह्यू. यावर सगळी भिस्त होती. चार पानी निवेदन तयार केलं होतं, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. त्यात धाकट्याची ती जुनी चूक नाव न घेता घातली होती, शेवट क्षमेवर होता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

इंटरव्ह्यू म्हणजे लिंक. पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर बोट ठेवायचं. मी रडक्यावर ठेवणार होतो, पण वाटलं, बरं दिसणार नाही. मधल्यावर ठेवलं. पाचपैकी तीन.

शेवटचा प्रश्न होता, पुन्हा इथे काम करायला आवडेल का. हो किंवा नाही. त्यावर इतका वेळ बसलो की पान बंद पडलं.

३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.१५

संपलं.

लॅपटॉप परत करायचा तर खाली एक कपाट आहे. खण उघडतो, आत ठेवायचा, खण बंद होतो. पावती मोबाइलवर. ओळखपत्र गेटच्या मशीनमध्ये सरकवलं, ते परत आलं नाही. वॉचमन म्हणाला, साहेब, आता व्हिजिटरच्या बाजूने निघा. अठरा वर्षं दोघं एकमेकांना मान डोलावतोय. त्याने माझं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि येण्याची वेळ विचारली. काय सांगणार?

तेवढ्यात धाकटा खाली आला. पावणेसहा झाले होते. पळत आला असावा, धाप लागली होती. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, सर, काही सांगायचंय का मला? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, काहीही असलं तरी सांगा, आत्ता सांगा. माझ्या ओठांवर आलं होतं. खोटं कशाला लिहू, एक शब्दच होता. पण वाटलं, महिनाभर ज्याने विचारलं नाही त्याच्यापुढे गेटवर, वॉचमनदेखत तोंड वेंगाडायचं? मी म्हटलं, सातव्या मजल्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकतो, तेवढं बघून घ्या. तो बघेन म्हणाला. मग घड्याळात सहा वाजेपर्यंत तिथेच उभा राहिला, माझ्याबरोबर. सहा वाजले तसा हात मिळवून गेला. उगाच वेळ काढत होता.

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.३०

नेहमीच्या वेळेला जाग आली. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात आलं.

राहवलं नाही. हिच्यासमोर सगळं ओकलो. म्हटलं, एवढी वर्षं रक्त आटवलं, पण एक माणूस, एकसुद्धा माणूस म्हणाला नाही की थांबा. आणि तो धाकटा, ज्याला मी पाठच्या भावासारखा सांभाळला, त्याने केसाने गळा कापला. बोलता बोलता रडू फुटलं. हिने मला रडताना कधी पाहिलेलं नाही. ती बराच वेळ टेबलावरचा डाग पुसत राहिली, नसलेला.

मग म्हणाली, त्याचा फोन आला होता. मला. त्या पहिल्याच शनिवारी.

तो अर्धा तास बोलला म्हणे. वहिनी, सर माझा फोन घेत नाहीत, मला बघितलं की तोंड फिरवतात. वरिष्ठची जागा मी त्यांच्यासाठी वरून मंजूर करून आणलीय. मूल्यमापनात तीनच्या वर कोणालाच देऊ दिलं नाही या वर्षी, ते मनावर घेतलं असेल तर मी पाया पडून माफी मागतो. सोमवारी हटून बसलो तर थांबतील का, खरं सांगा.

आणि हिने खरं सांगितलं. तिला जे खरं वाटत होतं ते. की हे कितीतरी वर्षांनी घरात हसतायत, ठाम बोलतायत. यांना तीन ठिकाणांहून मागणी आहे. आदल्याच दिवशी ताईंच्या यजमानांना फोनवर सांगितलंय की कोणी आलं तरी राहणार नाही. भाऊजी, तुम्ही हट्ट धरलात तर तुमचा शब्द यांना मोडवणार नाही, राहतील, आणि पुन्हा रोज दात-ओठ खात घरी येतील. तेवढं माझ्यासाठी करा, त्यांना अडवू नका. त्याने शब्द दिला. फक्त एवढं म्हणाला, जागा मी शेवटच्या दिवशी सहापर्यंत कोणाला देणार नाही. सरांचं मन बदललं तर त्यांनी नुसतं तोंडातून काढावं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही इतके खंबीर होतात, म्हटलं कशाला डळमळीत करा.

तिचा काहीच दोष नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. तसा या महिन्यात तिच्याशिवाय कोणी ठेवलाही नव्हता.

धाकट्याचा नंबर काढला. सव्वाअकराला ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज होता, शेजारच्या टेबलवरच्या बाईंचं वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून अभिनंदन. खाली केक. त्याखाली 'तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे'. फोन खाली ठेवला.

ही आत्ता चहा घेऊन आली. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, जाऊ दे, झालं ते झालं, आता नव्या ठिकाणाचं बघा. तिघांपैकी कोणाला हो म्हणालात ते अजून सांगितलंच नाहीत मला. ताईंच्या यजमानांना मी कळवून टाकलंय, सोमवारपासून रुजू होणार म्हणून.

मी म्हटलं, हो, सोमवारीच.

सोमवार: ८.१० ला घरातून निघणे. डबा घेणे. कुठे जायचं ते रविवारपर्यंत ठरवणे.